किती वाचली, तेही छापा

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की पुरवण्यांमध्ये वर्षातल्या उत्कृष्ट पुस्तकांच्या याद्या यायला लागतात. दहा पुस्तकं. त्यांत सहा कादंबऱ्या, दोन कवितासंग्रह, एखादं आत्मकथन आणि यादीला वजन यावं म्हणून एक वैचारिक. नाटक नाही, मुलांचं पुस्तक नाही, विज्ञान नाही, शेती तर नाहीच. अनुवाद असलाच तर मूळ लेखकाचं नाव ठळक टायपात आणि अनुवादकाला मात्र जागा पुरलेली नसते. या याद्या बंद करा असं मी म्हणणार नाही. नव्या पुस्तकाची खबर वाचकापर्यंत पोचायच्या वाटा मराठीत मोजक्या उरल्या आहेत आणि ही त्यांतली एक आहे. मागणी एवढीच, की यादीखाली निवडणाऱ्याच्या नावाशेजारी एक आकडाही छापा : त्या प्रकारातली यंदाची किती पुस्तकं त्याने वाचली.

आकडा छापायची वेळ आली की निम्म्या याद्या आपोआप गळतील. यंदाचं एकच नाटक वाचून त्याला वर्षातलं सर्वोत्तम नाटक ठरवता येत नाही. दुसरं वाचावं लागतं, दहावं वाचावं लागतं, त्यांतली सात सुमार निघाली तरी शेवटच्या अंकापर्यंत जावं लागतं. निवडणाऱ्याचा बराचसा वेळ नाकारण्यातच जायला हवा. बाकीची पुस्तकं ज्याने उघडलीच नाहीत, त्याची पसंती ही ओळखीपाळखीची शिफारस असते, आणि ती तशीच म्हणून छापली तर कुणाची तक्रार नसेल.

यादी कशी बनते ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुरवणीच्या डेस्कवरून फोन येतो. ‘सर, पाच पुस्तकं, प्रत्येकी चाळीस शब्द, परवा संध्याकाळपर्यंत. आणि मुखपृष्ठांचे फोटो तेवढे व्हॉट्सअ‍ॅप करा.’ ज्याला फोन येतो तो टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघतो. गठ्ठ्यात असतात ती प्रकाशकांनी अभिप्रायार्थ पाठवलेली पुस्तकं, तीही बहुतेक पुण्या-मुंबईच्या मोजक्या प्रकाशकांची. त्याच प्रती त्याच आठवड्यात दहा जणांकडे पोचलेल्या असतात, म्हणून दहाही याद्यांत तीच चार नावं दिसतात आणि वाचकाला वाटतं, जाणकारांचं एकमत झालं. लातूरच्या, कणकवलीच्या, चंद्रपूरच्या छोट्या प्रकाशकाने तीनशे प्रती काढल्या असतील, तर त्यांतल्या पन्नास फुकट वाटणं त्याला परवडत नाही. त्याचं पुस्तक गठ्ठ्यात नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून दुकानात नाही. आणि दुकानात नाही म्हणजे खपत नाही, असा निष्कर्ष काढायला पुन्हा सगळे मोकळे.

वेळही चुकीची. मराठी प्रकाशकाचे डोळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या साहित्य संमेलनाकडे लागलेले असतात, त्यामुळे बरीच पुस्तकं नोव्हेंबर-डिसेंबरात छापखान्यात असतात. वर्षअखेरीला बाहेर पडलेलं पुस्तक यंदाच्या यादीत नसतं, कारण ते कुणी वाचलेलं नसतं. पुढच्या यादीतही नसतं, कारण त्याच्यावर गेल्या सालाचा शिक्का असतो. तारखेपायी मराठीने काय गमावलंय ते आठवा. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं यावरून वाद उभा राहिला आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. मराठी कथेच्या इतिहासातलं एवढं मोठं पुस्तक आणि भांडण कशावरून, तर छापल्या तारखेवरून.

तारखेच्या घाईवर अकादेमीने निदान तोडगा काढलेला आहे. पुरस्काराच्या आधीचं लगतचं वर्ष सोडून द्यायचं आणि त्याच्याही आधीच्या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात घ्यायची. म्हणजे २०२४ च्या पुरस्काराला २०१८ ते २०२२ ची पुस्तकं. पुस्तकाला वाचक मिळायला, त्याच्यावर चार लोक भांडायला, दुसऱ्या वाचनात ते टिकतं का बघायला एवढा अवधी लागतोच. वर्तमानपत्राला पाच वर्षं थांबता येणार नाही हे मान्य. पण ‘गेल्या वर्षीची पुस्तकं, यंदा पुन्हा वाचून’ अशी यादी एकाही पुरवणीला करावीशी वाटू नये?

अकादेमीचा दुसरा नियम मात्र मला कायम खटकत आला आहे. चोवीस भाषा, आणि प्रत्येक भाषेत वर्षाला एकच पुस्तक. कविता, कादंबरी, नाटक, समीक्षा, चरित्र, इतिहास, सगळ्यांत मिळून एक ताम्रपट. तीन परीक्षक बसणार आणि कवितासंग्रहाची तुलना चरित्राशी करणार. मराठीची १९५५ पासूनची यादी समोर घेऊन बसा, म्हणजे याने काय झालं ते कळेल. पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला. पुढच्याच वर्षी मर्ढेकर, पण त्यांच्या कवितेसाठी नव्हे, ‘सौंदर्य आणि साहित्य’साठी. सौंदर्यविचारावरच्या पुस्तकांना पुढे आणखी तीनदा मान मिळाला : १९७५ मध्ये रा. भा. पाटणकर, १९७९ मध्ये शरच्चंद्र मुक्तिबोध, १९८२ मध्ये प्रभाकर पाध्ये. आणि नाटकाला? २०२४ पर्यंत फक्त दोनदा. १९७४ मध्ये शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आणि २००२ मध्ये एलकुंचवारांचं ‘युगांत’.

रविवारी दुपारच्या प्रयोगाला आजही घरातली तीन पिढ्यांची माणसं एकत्र जातात, त्या भाषेत सत्तर वर्षांत दोन नाटकं! विजय तेंडुलकर त्या यादीत नाहीत. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटकं देशभरातल्या भाषांत गेली, परदेशात गेली, पण मराठीतलं त्या-त्या काळातलं उत्तम पुस्तक म्हणून अकादेमीच्या यादीत त्यांतलं एकही आलं नाही. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ कमअस्सल होती असं कुणी म्हणू नये, तसा ग्रंथ मराठीत पुन्हा लिहिला गेलेला नाही. पण तिला नाटकाच्या आणि कवितेच्या समोर कुस्तीला उभं करायचं काय कारण होतं? ज्याला सौंदर्यशास्त्र कळतं त्याने ते निवडावं, ज्याला रंगभूमी कळते त्याने नाटक निवडावं.

जागा एकच ठेवली की आणखी एक रोग जडतो, थकबाकी चुकवण्याचा. ‘कोसला’ १९६३ ची. अकादेमीने नेमाड्यांना बोलावलं १९९१ मध्ये, आणि कशासाठी, तर ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. ग्रेस हयातभर कवी म्हणून ओळखले गेले, त्यांना २०११ मध्ये मान मिळाला तो ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखनाला. विंदा करंदीकरांना ज्ञानपीठ मिळालं, पण अकादेमीचा हा पुरस्कार त्यांच्या एकाही पुस्तकाला मिळालेला नाही. २०२४ मध्ये मिळाला तो सुधीर रसाळांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ला. रसाळांचा अधिकार निर्विवाद आहे आणि समीक्षेला मान मिळाला याचा मला आनंदच आहे. पण एखाद्या कवीवरचं पुस्तक पुरस्कारापर्यंत पोचतं आणि त्या कवीचं एकही पोचत नाही, तेव्हा दोष वाचणाऱ्यांपेक्षा रचनेचा जास्त असतो.

एका दशकाचं श्रेय मात्र परीक्षकांना दिलंच पाहिजे. १९८१ मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८८ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, १९९० मध्ये आनंद यादवांचं ‘झोंबी’. मराठीत त्या वेळी जे खदखदत होतं ते आत्मकथनांत होतं, आणि ते वाचून, ओळखून पुढे आणलं गेलं. अट्टल प्रस्थापित वाचकालाही पालावरचं जगणं वाचावं लागलं.

स्वतंत्र कप्पे केले की काय होतं, हे अकादेमीनेच पुढे दाखवून दिलं. अनुवादाचा पुरस्कार १९८९ पासून, बालसाहित्याचा २०१० पासून, पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार २०११ पासून. २०२४ चा मराठीचा युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. तुळजापूरचा हा लेखक स्वतः शिंपीकाम करणारा, आणि कादंबरी आहे ती तयार कपड्यांच्या लाटेत धंदा बुडत चाललेल्या शिंप्याची. शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाचं पोट, त्याचं गिऱ्हाईक, त्याची उधारी, हे सगळं त्यात आतून आलेलं आहे. मुख्य पुरस्काराच्या रांगेत हे छोटेखानी पुस्तक ज्येष्ठांच्या जाडजूड ग्रंथांमागे दिसलंही नसतं. त्याच्यासाठी वेगळी रांग होती म्हणून कुणीतरी ते शोधून वाचलं. पुरस्कारानंतर वाचक ते दुकानात मागायला लागले. निवडीने करायचं काम हेच असतं.

कप्प्यांच्या बाबतीत खरं तर आपलं राज्य सगळ्यांच्या पुढे आहे. शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत तीसच्या वर प्रकार आहेत आणि प्रत्येकाला माणसाचं नाव आहे. काव्याला केशवसुत, पहिल्या कवितासंग्रहाला बहिणाबाई, कादंबरीला हरी नारायण आपटे, पहिल्या नाटकाला तेंडुलकर, आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळक. विज्ञानाला महात्मा फुले, शेतीला वसंतराव नाईक, अर्थशास्त्राला सी. डी. देशमुख, भाषाशास्त्राला नरहर कुरुंदकर, मुलांच्या कवितेला बालकवी. ही नावं नुसती ओळीने वाचली तरी या समाजाने पुस्तक या गोष्टीत काय काय मोजलं ते समजतं. शेतीवरचं मराठी पुस्तक कवितेच्या बरोबरीने व्यासपीठावर बसवणारी ही व्यवस्था मला मनापासून प्रिय आहे, म्हणूनच तिच्याबद्दल चीड येते.

पहिली चीड प्रवेशिकेची. लेखकाने किंवा प्रकाशकाने अर्ज भरायचा, प्रती जोडायच्या, मुदतीत पोचवायच्या. ज्याने अर्ज भरला नाही त्याचं पुस्तक परीक्षकासमोर येतच नाही. मग जाहीर होतं ते वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक की अर्ज केलेल्यांतलं? ज्या लेखकाला मागायला संकोच वाटतो, ज्याचा प्रकाशक आळशी आहे, ज्याला जाहिरात दिसलीच नाही, ते सगळे बाहेर. परीक्षकाला अर्ज न आलेलं पुस्तक स्वतःहून मागवायचा अधिकार द्या. एका ओळीची दुरुस्ती आहे.

दुसरी चीड २०२२ ची, आणि ती अजून गेलेली नाही. ६ डिसेंबरला पुरस्कार जाहीर झाले. अनुवादाचा तर्कतीर्थांच्या नावाचा पुरस्कार अनघा लेले यांना, कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादासाठी. आठवडा उलटायच्या आत, १२ डिसेंबरला शासननिर्णय निघाला : निवड समिती बरखास्त, पुरस्कार रद्द. ज्यांना वाचायला सांगितलं होतं त्यांनी वाचून निर्णय दिला होता. तो ज्यांनी फिरवला, त्यांनी अनुवाद मुळाशी ताडून पाहिला असं कुठेही सांगितलं नाही. शरद बाविस्करांनी ‘भुरा’ला जाहीर झालेला पुरस्कार नाकारला, आणखीही काहींनी परत केले, साहित्य संस्कृती मंडळावर राजीनामे झाले. पुस्तकाशी मतभेद असणाऱ्याने त्याच्याविरुद्ध लिहावं, त्याला कुणाची बंदी नाही. पण परीक्षकांचा निकाल मंत्रालयातून बदलता येतो असं एकदा दिसलं की पुढच्या वर्षीचा परीक्षक पुस्तक उघडण्याआधी मंत्रालयाकडे बघतो. ते नुकसान एका पुरस्कारापुरतं राहत नाही.

आता ज्यांना ना अकादेमीत रांग, ना पुरवणीत चौकट, त्यांच्याविषयी. मराठी माणसाने सगळ्यात जास्त हाताळलेली पुस्तकं कोणती? कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात लग्न झालेल्या मुलींबरोबर घरोघर गेलं. तेलाचे डाग पडलेलं, पाठ सुटलेलं, मधली पानं सुट्टी झालेलं ते पुस्तक आज तिसऱ्या पिढीच्या ओट्यावर असतं. इतकं नेमकं, कामाला येणारं गद्य मराठीत किती जणांनी लिहिलंय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गिरणगावापासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत माणसं त्यांवर वाचायला शिकली. नारायण धारपांच्या भयकथा आज विशी-पंचविशीतली पोरं शोधून वाचतात. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कॉलेजच्या पोरांनी हातोहात फिरवली, २०१३ मध्ये तिच्यावर सिनेमा आला, आणि तेव्हा कुठे समीक्षकांना तिचं नाव उच्चारावंसं वाटलं. रहस्यकथा लिहायला कथानकाची जी शिस्त लागते ती असलेलं यंदाचं पुस्तक कोणतं, हे सांगणारा एकही माणूस आपण तयार केलेला नाही.

मुलांच्या पुस्तकांचं तर सगळंच विपरीत. वाचणारा नऊ वर्षांचा, निवडणारा बहुधा निवृत्तीनंतरचा. तो संस्कार शोधतो आणि पोराला हवी असते पुढच्या पानावर काय होतं त्याची हुरहुर. एक साधी कसोटी आहे, कुठल्याही शाळेत करून बघा. पुस्तक मोठ्याने वाचायला घ्या आणि मुलांकडे लक्ष ठेवा. कंटाळवाण्या पुस्तकात तिसऱ्या पानाला कुणीतरी पाणी प्यायला जायची परवानगी मागतं, मग दुसरं, मग तिसरं. चांगल्या पुस्तकात मधेच प्रश्न येतो, ‘पण मग तो कुत्रा कुठे गेला?’ असे प्रश्न जिथे जिथे आले त्या पानांवर खूण करून ठेवली, तर कुठल्याही परीक्षण अहवालापेक्षा ती खूण खरी असेल. परीक्षकांना मानधन देता, तर त्यात दोन तासांचा वर्गही घ्यायला लावा.

अनुवादाची निवड मूळ पुस्तक न बघता केली जाते, हे उघड गुपित आहे. मराठी ओघवतं लागलं की अनुवाद चांगला. मुळातली अर्धी पानं गाळली तरी मराठी ओघवतंच लागेल. निदान वीस पानं शेजारी ठेवून ताडून बघणं जमत नसेल तर त्या प्रकारात पडू नये. कवितेचं दुखणं निराळं. बहुतेक कवितासंग्रह कवीच्याच पदरच्या पैशांतून निघतात, संख्येने उदंड असतात आणि त्यामुळे सगळे न वाचता तोंडओळखीच्या नावावर हात ठेवणं सोपं जातं. एवढे संग्रह ज्याला वाचवत नाहीत त्याने तसं सांगून मोकळं व्हावं. कवितेवाचून कुणाचं अडत नाही, पण कवीचं यादीवाचून फार अडतं.

आणि ज्या माणसाला कुठलीही पुरवणी फोन करत नाही, तो म्हणजे वाचनालयातला कर्मचारी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव उभी राहिलेली ही वाचनालयं, तिथला तुटपुंज्या पगारावरचा माणूस देवघेवीच्या टेबलाशी बसतो. कोणत्या पुस्तकाला नंबर लावून लोक थांबलेत, कोणतं दुसऱ्या दिवशीच परत येतं, कोणत्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरून दुसरी चिकटवावी लागली, हे त्याला तोंडपाठ असतं. लोकप्रिय ते उत्कृष्ट, असं माझं म्हणणं नाही. पण पुरवणीत दहा वेळा छापून आलेलं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात वर्षभर कपाटातच बसून असेल, तर ते का, हे शोधणंही समीक्षेचंच काम आहे. आणि जे पुस्तक कुणी छापून कौतुक न करताही चार गावांत फिरतंय, ते समीक्षकाने आणून वाचायला नको का?

तेव्हा या आठवड्यात ज्यांना डेस्कवरून फोन येईल, त्यांनी पाच नावं सांगण्याआधी समोरच्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या प्रकारातली निवड हवी आहे? माझ्या गठ्ठ्यात नसलेली त्या प्रकारातली पुस्तकं मला कोण आणून देणार? आणि परवा संध्याकाळच्या ऐवजी मार्चअखेर चालेल का? तिन्हींचं धड उत्तर मिळालं नाही, तर चाळीस-चाळीस शब्द लिहायला बसू नका. त्या जागेत एकाच पुस्तकावर दोनशे शब्द लिहा, तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंय एवढं त्यातून दिसू द्या, आणि खाली प्रकाशकाचं गाव आणि किंमतही टाका.